कॅलेंडरातला हिरवा

बाई, परवा तुमची तेरवी झाली आणि आज सकाळी नळ नेहमीच्याच वेळेला आला. मी बादली लावली तेव्हा धुकं एवढं दाट होतं की अंगणातला पेरू दिसतच नव्हता, नुसता पिकल्या पेरवांचा वास येत होता. वाटलं, त्या धुक्याच्या पलीकडे तुम्ही बाज टाकून बसल्या आहात, शाल कानापर्यंत ओढली आहे आणि उन्हाची वाट पाहताय. मी तशीच उभी राहिले. बादली भरून वाहायला लागली. "सविता, पानी चाल्लं न," असं कोणी म्हटलं नाही. मग मीच नळ बंद केला.

तुम्ही माझ्या थोरल्या जाऊबाई. रुआबांध्याच्या या क्वार्टरात सोळा वर्षं आपण एका गॅसवर स्वयंपाक केला. पोरं तुम्हाला मोठी आई म्हणायची, मी बाई म्हणायची. आपल्या दोघींचं फार मेतकूट होतं असं मी आज म्हणणार नाही. तेरवीला आलेल्या बायका म्हणाल्या, "बहिणीवानी होत्या दोघी." मी मान डोलावली. बहिणी असतो तर त्या रविवारचं भांडण तिथल्या तिथे मिटलं असतं. आपण जावा होतो, म्हणून चार दिवस अबोला धरून बसलो, आणि पाचवा दिवस आलाच नाही.

आपल्या घरात माणसं एकमेकांना फारशी भेटायचीच नाहीत. भाऊजी पोलादाच्या प्लांटमध्ये. माझा नवरा विलासही प्लांटमध्येच, पण दुसऱ्या खात्यात, त्यामुळे दोघा भावांच्या शिफ्टा कधी जुळायच्या नाहीत. तुमचा निखिल रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर, त्याला कॉल आला की तो जेवता जेवता उठणार. माझी रिद्धी शाळा आणि दोन ट्यूशन. आणि मी दुर्ग स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीवर, तिथेही शिफ्टच. पाच माणसं आणि पाच घड्याळं. ती सगळी तुम्ही किराणा दुकानातून मिळालेल्या एका कॅलेंडरात बसवली होती.

भाऊजी लाल, विलास निळा, निखिल तपकिरी, रिद्धी गुलाबी, मी हिरवी. रंगपेन्सिलींचा डबा स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर, कोणी हात लावायचा नाही. शार्पनर तुम्हाला आवडायचं नाही, ते पेन्सिल खातं म्हणायच्या. भाजीच्या सुरीनं टोक काढायच्या, लांब आणि चपटं. त्या टोकानं प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक रेघा. त्या पाहून ठरायचं की आज किती डबे, कोण उशिरा जेवणार, कोणाला उठवायचं. तुम्ही माणसांनाही रंगानंच हाक मारायला लागल्या होत्या. "निळा झोपला आहे, कुकर नोको लावू." "लालची फर्स्ट शिफ्ट आहे, पोळ्या आधी." गेल्या साली आपली लक्ष्मीपूजा लोकांच्या दोन दिवस आधी झाली, कारण त्या दिवशी सगळे रंग घरी होते. शेजारची छत्तीसगढी काकी हसली, तर तुम्ही तिला म्हणालात, "लक्ष्मीले शिफ्ट नसते. ते येते आमच्या टायमानं."

तुमचा स्वतःचा रंग नव्हता. मी एकदा विचारलं होतं. तुम्ही पेन्सिलीचं टोक काढता काढता वर न पाहता म्हणालात, "मी कुठं जाऊन राहिली? मी तं घरीच आहो."

मला त्या कॅलेंडराचं कौतुक होतं आणि रागही यायचा. कौतुक मी बाहेर सांगायची आणि राग घरात काढायची, हे आपल्याकडे चालतंच. दिवसभर मी लोकांना सांगत असते, गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, किती लेट. घरी आल्यावर माझा वेळ दुसऱ्या कोणी सांगावा हे मला सोसायचं नाही. माझ्या चौकोनात हिरवं नसलं, म्हणजे माझा ऑफ असला, की तुम्हाला त्यात काहीतरी ठेवावंसं वाटायचं, रिकाम्या डब्यात डाळ भरून ठेवावी तसं. कोणाचं बारसं, रिद्धीच्या शाळेतली मीटिंग, तुमच्या आत्याला पाहायला जाणं. मला न विचारता. मी कुरकुरले की तुम्ही हसायच्या. "साऱ्या दुनियेले गाडीचा टाइम सांगते, आन् घरच्याइले आपला नाही सांगत."  खरं तर ते वाक्य मला आवडायचं. हेही तुम्हाला सांगायचं राहिलं.

थंडीतल्या कोहळ्याच्या वड्या म्हणजे तुमचा खरा सण. आपल्या गावाकडे गोंदियाच्या बाजूला त्या असतीलही, पण तुम्ही शिकलात त्या काकीकडून. ती कोहळ्याला रखिया म्हणते, मग तुम्हीही रखियाच म्हणायला लागल्या. आदल्या दिवशी कोहळा किसायचा, उडदाची डाळ भिजवायची. सकाळी डाळ वाटून एवढी फेटायची की वाटीतल्या पाण्यात थेंब टाकला तर तो वर तरंगला पाहिजे. बुडाला तर परत फेटा. मग ऊन चढायच्या आत जुन्या सुती साडीवर ओळीनं वड्या, पहिलीला कुंकवाचं बोट. हे एका बाईचं काम नाही, दोघी तरी लागतात. म्हणून दर डिसेंबरात तुम्ही कॅलेंडरात असा रविवार शोधायच्या की ज्या दिवशी मी घरी आहे.

तसाच तो रविवार होता. खुर्सीपारच्या बाजारातून तुम्ही दोन कोहळे आणले होते, एक किसून झाला होता, परातभर डाळ भिजली होती. आणि मी सकाळी साडी नेसून, पर्स घेऊन बाहेर आले. विलास स्कूटर काढत होता. पद्मनाभपूरला दोन खोल्या पाहायला जायचं होतं. मला तिथून स्टेशन जवळ, रिद्धीला शाळा जवळ. वेगळं निघायचं हे आम्ही दोघांनी महिनाभर आधी ठरवलं होतं आणि तुम्हाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

"आज तं तुहा आफ आहे न?" तुम्ही विचारलंत. हाताला डाळीचा फेस लागला होता.

"आफ आहे म्हणूनच चालली."

"कुठं?"

विलासनं सांगून टाकलं. त्याच्यानं कधी काही लपत नाही. तुम्ही ऐकलंत, आणि मला वाटलं आता रडारड होईल. तुम्ही विचारलंत, "तिकडं अंगनात ऊन येते काय?"

मला आजही कळत नाही की मला त्या प्रश्नाचा एवढा राग का आला. कदाचित त्या खोल्यांना अंगणच नव्हतं, म्हणून. मी म्हणाले, "मी तुमच्या कॅलेंडरातली ड्युटी नाही करून राहिली आता. माहे चौकोन भराच्या आधी मले विचारलं होतं काय कधी?"

भाऊजी सिगडीपाशी बसले होते. त्यांनी पेपर खाली केला आणि परत वर घेतला.  तुम्ही परातीकडे पाहिलंत, मग आभाळाकडे. दुपारी ढग आलेच. आम्ही परतलो तेव्हा तुम्ही त्या सगळ्या डाळीचे वडे तळून गल्लीत वाटले होते. आमच्यासाठी ताटाखाली झाकून ठेवले होते. मी खाल्ले नाहीत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ते माझ्यासारख्यांसाठीच म्हणत असतील.

मग सोमवार, मंगळवार, बुधवार. आपण भांडी वाजवून बोलत होतो. गुरुवारी सकाळी तुम्ही माझ्या डब्याची बॅग ओट्यावर ठेवलीत, नेहमीसारखी, बाजूच्या कप्प्यात चमचा कागदात गुंडाळून. तुम्ही माझ्याकडे पाहिलं असणार. मी पाहिलं नाही. बॅग उचलली आणि निघाले. या एका गोष्टीसाठी मी स्वतःला किती वेळा त्या ओट्यापाशी परत नेऊन उभं केलं, त्याचा हिशेब नाही. एवढंच म्हणायचं होतं, "येते बाई." रोज म्हणायची.

त्या दिवशी तुम्ही बाजेवर बसून वाटाणे सोलत होत्या. काकी दोनदा फाटकापाशी येऊन गेली म्हणे. ऊन छान पडलं होतं, तुम्ही भिंतीला टेकून होत्या, मांडीवर टोपली. तिला वाटलं, डोळा लागला आहे, कशाला उठवा. तिसऱ्यांदा आली तेव्हा ऊन तुमच्या अंगावरून सरकून गेलं होतं आणि तुम्ही बाज सरकवली नव्हती. त्यावरून तिला कळलं. उन्हाबरोबर बाज सरकवायला तुम्ही कधी विसरल्या नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, हृदय, झोपेतच, त्रास झाला नसणार.

मला फोन आला तेव्हा बारा वाजायचे होते, डबा उघडला नव्हता. एका माणसाला मी गोंदियाची गाडी सांगत होते. त्याला काय सांगितलं ते आठवत नाही, देव करो आणि बरोबर सांगितलं असो.

घरी आल्यावर माझी नजर पहिल्यांदा कॅलेंडरावर गेली, तुमच्याकडे नाही. गुरुवारच्या चौकोनात पाचही रंग होते. लाल, निळा, तपकिरी, गुलाबी, हिरवा. कोण कोण बाहेर आहे ते सगळं लिहिलेलं होतं. घरी कोण एकटं आहे, ते लिहायला रंगच नव्हता.

पुढचे दिवस स्वप्नात गेल्यासारखे गेले. सुतकात कोणाला ड्युटी नव्हती. बाई, सोळा वर्षांत पहिल्यांदा सगळे रंग सलग तेरा दिवस एकाच वेळी घरी होते. तुम्ही एका दिवसासाठी महिनोन् महिने जुळवाजुळव करायच्या. आम्ही सकाळी अंगणात बसायचो. धुकं हळूहळू विरायचं, आधी पेरू दिसायचा, मग फाटक, मग रस्ता. नऊच्या सुमारास ऊन न्हाणीच्या भिंतीवर यायचं, अकराला तुळशीपाशी, दुपारी दाराच्या पायरीवर, आणि चार वाजता फाटकाशी जाऊन थांबायचं, पाहुणा निघताना थांबतो तसं. आम्ही त्याच्या मागे मागे खुर्च्या सरकवायचो. मी या घरात राहत होते आणि हे ऊन कुठून कुठे जातं ते मला माहीत नव्हतं. डोळे मिटले की प्लांटची घरघर जवळ यायची आणि त्या घरघरीत तुमचा आवाज असायचा, नीट शब्द नाहीत, नुसता स्वयंपाकघरातून येतो तसा. दोनदा तर मी "आली, आली," म्हणून उठले. विलासनं हात धरून बसवलं.

एका दुपारी रिद्धी मला चिकटून बसली आणि म्हणाली, "मम्मी, मोठी आई का कलर कौनसा था?"

मी म्हटलं, "नव्हता."

"क्यों?"

भाऊजी शेजारीच होते. ते म्हणाले, "कारन आमी कोनी तिले देल्लाच नाही, बेटा." आणि उठून आत गेले.

आता ते सांगते, जे मी या तेरा दिवसांत कोणालाच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मी पीठ काढायला गेले, तर पिंपाच्या मागे गुंडाळी दिसली. नवीन सालाचं कॅलेंडर. तुम्ही भरायला घेतलं होतं. दुकानातून ते सोमवारी आलं, म्हणजे आपल्या भांडणानंतर. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, पूर्ण तीन महिने. भाऊजींच्या शिफ्टा, विलासच्या शिफ्टा, निखिलच्या सुट्ट्या, रिद्धीच्या परीक्षा. मी एकेक चौकोन बोटानं पाहिला. हिरवा कुठेच नव्हता. एक रेघसुद्धा नाही. फळीवरचा डबा काढला, त्यातही हिरवी पेन्सिल नव्हती.

बाई, मी तिथेच पिठाच्या पिंपावर बसले. मला वाटलं, तुम्ही मला काढून टाकलंत. हिरवी पेन्सिल फेकूनसुद्धा दिलीत. मी म्हटलं होतं ना, करणार नाही तुमच्या कॅलेंडरातली ड्युटी, मग घे. आणि असं मनात ठेवून तुम्ही त्या उन्हात बसल्या आणि गेल्या. दहाव्याला, तेरवीला, लोकांना पाणी देताना, पानं वाढताना माझ्या डोक्यात तेवढंच होतं. लोकांना वाटलं, धाकटी जाऊ फार मनाला लावून बसली आहे. ते खरंच होतं, पण कारण त्यांना माहीत नव्हतं. मला तुमचं जाणं एकदा लागलं आणि ते कॅलेंडर दुसऱ्यांदा लागलं. कधी कधी तुमचा रागही आला. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही म्हणतात. येतं, फक्त उत्तर येत नाही.

पद्मनाभपूरच्या मालकाचा फोन आला होता तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, खोल्या हव्यात की नको. विलासनं माझ्याकडे पाहिलं. "काय सांगू?"

"सांग, विचारून सांगतो," मी म्हटलं.

"कोनाले विचारून?"

 त्यानं फोन घेऊन अंगणात जाऊन काहीतरी सांगितलं.

दुसरा कोहळा अजून खाटेखाली आहे. सालीवरची ती पांढरी राख तशीच, आणि त्या राखेत तुमच्या बोटांचे ठसे, बाजारातून उचलून आणला तेव्हाचे. मी तो पुसला नाही. काल काकी म्हणाली, "येसो साल बरी नइ बनावय, बहू. घर म सोग हे." यंदा वड्या करायच्या नाहीत, वर्ष होईपर्यंत. घरात माणूस गेलं की वर्षभर उन्हात काही वाळत घालायचं नाही, ही तिच्याकडची रीत. तुम्हीही पाळायच्या. मग कोहळा कशाला ठेवायचा, असं भाऊजी म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या.

आज मी ड्युटीवर गेले. डबा माझा मीच भरला. चमचा घ्यायचा राहिला. दुपारी दुर्गला खिडकीमागे बसून डबा उघडला तेव्हा लक्षात आलं. सवयीनं बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात हात घातला, तर कागदाची गुंडाळी हाताला लागली. त्या गुरुवारची. डबा घरात कोणीतरी घासून ठेवला होता, पण कप्पा कोणी पाहिला नव्हता. मीही नाही. त्या दिवशी मी जेवलेच नव्हते.

गुंडाळी उलगडली. आत चमचा होता आणि चमच्याला लागून हिरवी पेन्सिल. टोक ताजं काढलेलं, लांब आणि चपटं. तुमच्या सुरीचं.

खिडकीपलीकडे एक म्हातारी रायपूरची गाडी विचारत होती.  शेजारच्या मॅडमनी सांगितलं तिला.

तुम्ही मला काढलं नव्हतं, बाई. माझे चौकोन रिकामे ठेवले आणि पेन्सिल माझ्या हाती दिली. तूच भर. एवढंच होतं ते, आणि मला ते तोंडानं सांगायला तुमच्यातही माझ्याइतकाच पीळ होता. म्हणून चमच्याबरोबर गुंडाळून दिलंत. फोन एक तास उशिरा आला असता तर मी डबा उघडला असता, पेन्सिल पाहिली असती आणि तुम्हाला फोन केला असता. काय बोलले असते कोण जाणे. बहुतेक म्हणाले असते, भाजीत मीठ कमी आहे. तुम्हाला कळलं असतं. पण तुम्ही तेव्हाही फोन उचलला नसता, ऊन तोवर सरकलं होतं. हे मला माहीत आहे, आणि तरी मी रोज त्या तासापाशी जाणार आहे.

संध्याकाळी घरी आले. भाऊजींनी सिगडी पेटवली होती, रिद्धी तिच्यापाशी अभ्यासाला बसली होती. मी पिंपामागून कॅलेंडर काढलं, जुनं उतरवलं आणि नवं खिळ्याला लावलं. सगळे पाहत राहिले. जानेवारीत मी माझ्या शिफ्टा भरल्या. रेघा तुमच्यासारख्या बारीक येत नाहीत, चौकोनाबाहेर जातात. मग एकदम शेवटचं पान उलटलं. तिथे अजून कोणाचाच रंग नाही. डिसेंबरचा शेवटचा रविवार. तोवर तुमचं वर्षश्राद्ध झालेलं असेल, वड्या घालायला हरकत नसेल. तुमचा हा कोहळा तोवर टिकला तर तोच, नाही तर खुर्सीपारहून दुसरा.

"अभी से?" रिद्धी म्हणाली. "तब तक तो हम पद्मनाभपुर में रहेंगे न?"

"पाहू," मी म्हटलं. ते खरंच अजून ठरलेलं नाही. आम्ही तिकडे असू, इथे असू, मला माहीत नाही. पण त्या चौकोनात मी हिरव्यानं लिहिलं, वड्या. कोणी मला विचारलं नव्हतं.

त्या रविवारी माझी ड्युटी या अंगणात आहे, बाई.